अमिरुन्निसा ही माझी सख्खी बहीण

मी, जैनुद्दीन इस्माईल घराडे, वय वर्षे पंचाहत्तर, धंदा पूर्वी बोटींची इंजिने दुरुस्त करणे व हल्ली काही नाही, राहणार मौजे खाजणवाडी, तालुका म्हसळा, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण पुढचे वाचून कुणाला शंका येऊ शकेल. माझ्यावर कुणाचाही दाब नाही. दाब आला की मी काय करतो, ते कलम सहामध्ये लिहिले आहे.

मसुदा म्हसळ्याच्या वकील विनिताताईंनी करून दिला होता. तो दीड पानाचा होता. "चाचा, मृत्युपत्राला एवढंच लागतं," असे त्या म्हणाल्या. त्यांचे बरोबरच असेल. पण तो मसुदा मला का चालला नाही, ते कलम पाचमध्ये सांगितले आहे. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

१. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कुणी म्हणाल्यास त्याला चहा पाजून परत पाठवावे.

२. माझी पत्नी खैरुन्निसा सन २०१२ मध्ये वारली. मला एकच मुलगा, वासिफ. तो उरणला नोकरीला असतो. शरियतप्रमाणे माझ्या मिळकतीच्या तीन हिश्श्यांपैकी दोन त्याचे आहेत. ते मी कमी करू शकत नाही आणि मला करायचेही नाहीत. उरलेला तिसरा हिस्सा माझ्या मर्जीचा. त्याची व्यवस्था कलम आठमध्ये आहे.

३. राहते घर, मागची एक खोली वगळून, आणि घरामागची सुपारीची वाडी विहिरीसह वासिफला मिळावी. विहिरीच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह पावसाळा संपला की काढून साफ करायचा असतो. वासिफ ते कधीच करत नाही आणि मग पंपाला शिव्या देतो. बँकेत जे काही आहे त्यातून आधी माझ्या कफन-दफनाचा खर्च करावा. चाळिसाव्याला गावजेवण घालू नये. माझ्या सासऱ्यांच्या चाळिसाव्याला रस्सा कमी पडला म्हणून लोक अजून बोलतात. उरेल ते वासिफच्या मुलीच्या शिक्षणाला जावे.

४. माझ्या हत्यारांची लोखंडी पेटी, म्हणजे सगळे पाने, फीलर गेज, इंजेक्टर काढायचा पुलर आणि कुवेतहून आणलेला मोठा स्लिपपाना, हे सर्व जेटीवरच्या अल्पेश मेकॅनिकला द्यावे. अल्पेशशी माझे बोलणे बंद आहे. आठ वर्षांपूर्वी त्याने माझा चौदा नंबरचा पाना नेला, तो आजतागायत आणून दिलेला नाही; विचारले तर म्हणतो, दिला. पेटी त्यालाच द्यावी, म्हणजे एकदाचा संच पूर्ण होईल. माणूस हाताचा चांगला आहे.

५. आता बहिणीचे.

विनिताताईंच्या मसुद्यात एका ओळीत 'भावंडे : नाहीत' असे होते. त्यांनी ते मनाने लिहिले नव्हते. त्यांनी विचारले, "भावंडं कोणी?" आणि मी म्हणालो, "नाहीत." पंचाहत्तराव्या वर्षी, जिला या गोष्टीशी काही देणेघेणे नाही अशा परक्या बाईसमोर, कुणी धाकात घेतलेले नसताना, मी पुन्हा तेच बोललो. घरी येऊन कागद वाचला तेव्हा ती ओळ दिसली. मला माझी इतकी लाज वाटली की तो मसुदा मी उलटा करून ठेवला आणि हा लिहायला घेतला.

खरे असे की मला एक बहीण होती. नाव अमिरुन्निसा, घरात अमू. माझ्याहून सात वर्षांनी धाकटी. बाबा लवकर गेले, त्यामुळे तिचा वली, म्हणजे निकाहातला पालक, मीच. मी कुवेतला डिझेल फिटर असताना माझ्या खोलीत कराचीचा एक मुलगा राहत होता. तो आमच्याच चुलत्याचा. त्याचा बाप फाळणीच्या वेळी कराचीला कामाला होता, तो तिथल्या कोकणी वस्तीत तसाच राहिला. मुलाने आपले गाव पाहिलेले नव्हते, पण बोलायचा अगदी आपल्यासारखा आणि बोंबलाचे कालवण माझ्याहून बरे करायचा. मला तो पसंत पडला. सन १९७९ मध्ये मी अमूचा निकाह त्याच्याशी लावून दिला. अमूने कोळीवाड्यातल्या तिच्या मैत्रिणीला, रतनला, एवढेच सांगितले होते, "भायला आवडलाय ना, मंग बास." निकाहनाम्यावर वली म्हणून माझी सही आहे. माझी बहीण पाकिस्तानी झाली ती त्या सहीने. तिने स्वतः काही केले नव्हते.

पुढे पाच वर्षांनी ती दोघे इंग्लंडला, ल्यूटन गावी गेली. नवरा बस चालवायचा, अमू घरी शिवणकाम करायची. कालांतराने त्यांना तिथले नागरिकत्व मिळाले. सन २००७ मध्ये त्यांच्या मुलीचे, अनमचे लग्न झाले तेव्हा मी गेलो होतो. तिकीट अमूने पाठवले.

तिथे मी जे पाहिले ते गावात कुणाला नीट सांगितले नाही. कराचीहून आलेली आपली पंचवीस-तीस घरे त्या गावात आहेत. शाळेचा हॉल भाड्याने घेऊन हळद केली. डब्यातले नारळाचे दूध आणि पुडीतले खमीर घालून बायकांनी सांदणे केली होती. पीठ फुगवायला माडी तिथे कुठून मिळणार? सांदणे जरा घट्ट झाली होती, पण होती सांदणेच. आणि मग त्या गायला लागल्या. आपली हळदीची गाणी, आपल्या बोलीत, सगळी कडवी. गाणाऱ्यांतल्या निम्म्या बायकांनी कोकण डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. इथे आम्ही लग्नात डीजे लावतो. एक म्हातारी माझा हात धरून विचारत होती, "खाडीवरची तर अजून चालते का? तिचा नाखवा कोन आता?" ती तरीची होडी बंद होऊन वीस वर्षे झाली होती, पूल झाला होता. मी म्हटले, चालते. तिकडचे गोरे त्यांना पाकिस्तानी म्हणतात, पंजाबी-पठाण शेजारी त्यांना हिंदुस्तानातले म्हणतात, आणि आम्ही गावात त्यांना 'गेलेले' म्हणतो. म्हातारीला यातले कशाचेच काही वाटत नव्हते. तिला फक्त नाखव्याचे नाव हवे होते.

फोटोची वेळ झाली तेव्हा सगळे "मामा कुठाय, मामा कुठाय" म्हणून शोधू लागले. मी बाहेर गाड्या लावतात तिथे जाऊन थंडीत उभा होतो. माझ्या डोक्यात एकच, की उद्या हा फोटो कुणी कुठे दाखवला तर? अमू खिडकीशी आली. तिने मला पाहिले आणि पडदा ओढून घेतला. आत जाऊन तिने सांगितले की भायला गरगरतंय. तो फोटो तिने मला पाठवला, आमच्या आईच्या खोलीत भिंतीवर आहे. नवरीच्या उजव्या हाताला माझी जागा मोकळी आहे.

६. सन २०१५. आई पंच्याऐंशी वर्षांची होती आणि मागच्या खोलीतून उठत नव्हती. अमूचा फोन आला, "भाय, मना एकदा घरी यावाचा हाय. आईला बघावाचा हाय." तिच्याकडे इंग्लंडचा पासपोर्ट होता, पण पूर्वी पाकिस्तानी असलेल्या माणसाला व्हिसा देण्याआधी इथे गावात चौकशी होते. ज्याच्याकडे उतरणार, त्याने 'होय, हे माझे नातेवाईक' असे लिहून द्यावे लागते. मी म्हटले, ये, मी आहे.

ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी पोलीस हवालदार आले. अंबाजी ठाकूर त्यांचे नाव, पेणकडचे. मोटारसायकल सावलीत लावली, टोपी काढली, ओट्यावर बसले. मी कोकमाचे सरबत दिले. त्यांनी फाईल उघडली.

"चाचा, इंग्लंडवरशी कागद आलाय. अमिरुन्निसा म्हणून. तुमची बहीण ना?"

कागदावर 'पाकिस्तान' हा शब्द होता. मला फक्त तेवढाच दिसला. त्याच महिन्यात वासिफला उरणकडच्या एका कंपनीत नोकरी लागायची होती आणि त्याच्या चारित्र्याचा दाखला याच पोलीस ठाण्यातून जायचा होता. माझ्या मनाने दोन कागद एकमेकांना जोडले.

मी म्हणालो, "नाव सारखं असेल कुणाचं तरी. माझी बहीण लहानपणीच वारली."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. "नक्की, चाचा?"

"नक्की."

त्यांनी लिहून घेतले, सरबत संपवले आणि गेले. आतून आईने विचारले, "कोन आलता?" मी सांगितले, "मीटर बघणारा." आई दहा महिन्यांनी वारली. अमूला व्हिसा मिळाला नाही. तिचा फोन आला, "कागदात कायतरी राह्यला असंल, भाय." मी म्हटले, "सरकारी काम, अमू." त्यानंतरही ती दर शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटपून मी घरी येण्याच्या वेळेला फोन करत राहिली. साडेतीन वर्षे. जेवलास का, गुडघा कसा हाय, रतन कशी हाय.

वासिफ, हे तू वाचशील तेव्हा तुला वाटेल की अब्बांनी हे माझ्यासाठी केले. मीही स्वतःला तसेच सांगत आलो. पण सन २०२१ मध्ये मुंबईहून येताना मांडव्याच्या जेटीवर मला अंबाजी हवालदार भेटले. निवृत्त झाले होते. त्यांनीच हाक मारली. बोलता बोलता म्हणाले, "चाचा, तुमच्या वासिफचा दाखला तर मी आदल्या आठवड्यातच पाठवला होता. तुमच्याकडं आलो तवा ते काम होऊन गेलेलं." मग म्हणाले, "आन् बहिणीचं मला समजलं होतं. ओट्यावरून आतल्या खोलीत लग्नाचा फोटो दिसत होता, तीच बाई कागदावर होती. मला वाटलं घरातलं भांडण असंल, आपण कशाला मधी पडा. मी लिहिलं, नातं नाकारतात. तुम्ही नुसतं हो म्हणायचं होतं, चाचा. सही घ्यायला पेन काढून ठेवलं होतं मी."

मी तिथे बाकावर बसून राहिलो. माझी म्हसळ्याची गाडी गेली. ज्या दाखल्यासाठी मी बहीण मारली, तो आधीच पोचला होता.

७. अमू मार्च २०१९ मध्ये ल्यूटनला वारली. अनमने रडत फोन केला. आमच्या गावात रीत अशी की गावचा माणूस कुठेही वारला, कुवेतला, आफ्रिकेला, इंग्लंडला, तरी मशिदीच्या भोंग्यावरून त्याचे नाव पुकारतात. अमक्याची मुलगी, तमक्याची बहीण, अमुक गावी अल्लाहला प्यारी झाली. आम्ही शाफई पंथाचे, त्यामुळे दूर दफन झालेल्यासाठीही आम्ही जुम्म्यानंतर गायबाना जनाज्याची नमाज पढतो. गावातून बाहेर गेलेल्या माणसाला एवढे एक तरी परत मिळते.

त्या महिन्यात दोन्ही देशांची विमाने टीव्हीवर दिसत होती. मी मशिदीत कुणाला काही सांगितले नाही. त्या शुक्रवारी दोह्याला वारलेल्या एका माणसाची गायबाना नमाज होती. मी रांगेत उभा राहिलो आणि मनातल्या मनात तिचेही नाव घेतले, चोरून. तेवढ्याने चालते का, हे मौलवींना विचारायची माझी छाती झाली नाही.

रतनलाही सांगितले नाही. ती अजून मासळी घेऊन दारात येते आणि अजून विचारते, "जैनूभाय, आमची अमू कवा येनार हाय? मी तिच्यासाठी जवला सुकवून ठेवलाय." मी म्हणतो, बघू, कागद चाललेत. सहा वर्षे मी मेलेल्या बाईचे कागद चालवतो आहे. जवला ती दर वर्षी नवा सुकवते.

गेल्या वर्षी अनमने आईचे घर आवरले आणि मला एक पाकीट पाठवले. अमूनेही मृत्युपत्र केले होते. इंग्रजीतले वकिली कागद तिकडेच आहेत. पाकिटात तिच्या हातचे एक पान होते, उर्दू अक्षरांत, आपल्या बोलीत. त्यात ती लिहिते की व्हिसाच्या खिडकीवरच्या बाईने तिला कारण सांगितले होते. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होते. पुढे असे आहे : "भायला सांगा, मी दुसऱ्यांदा अर्ज नाय केला. केला असता तं त्याला परत तसा बोलावा लागला असता."

हे पान मी माझ्या दाखल्यांच्या फाईलीत ठेवले आहे. वासिफने ते फेकू नये.

८. माझ्या तिसऱ्या हिश्श्यातून घराची मागची खोली, जिथे अमू जन्मली आणि आई वारली, ती मी गावच्या जमातीला देतो. अनमला द्यायची इच्छा होती, पण विनिताताई म्हणाल्या की परदेशी नागरिकाच्या नावे केल्यास गुंता होईल आणि मला आता गुंते झेपत नाहीत. खोलीला वेगळे दार पाडून द्यावे. कराचीहून, इंग्लंडहून, आफ्रिकेहून कुणी आपले गाव शोधत आले तर त्याला तिथे उतरू द्यावे. पंखा चालू ठेवावा. पोलिसांचा जो फॉर्म भरायचा असतो तो त्याच दिवशी भरावा. 'तुम्ही कुणाचे?' असे विचारावे, आणि 'हा आमचाच' असे लिहून सही करायला जमातीने एक माणूस नेमावा. घाबरट माणूस नेमू नये. भिंतीवरचा फोटो काढू नये.

९. माझा जनाजा मशिदीत आणल्यावर माझी नमाज लगेच पढू नये. आधी भोंग्यावरून अमिरुन्निसाचे नाव बापाच्या व भावाच्या नावासह पुकारावे आणि तिची गायबाना नमाज आधी पढावी. मौलवींना मी विचारून घेतले आहे, ते म्हणाले की चालते. तोवर माझा जनाजा बाजूला ठेवावा. वासिफने फोनवर मला सांगितले आहे की, "अब्बा, आता ते राहू द्या, पोरीच्या पासपोर्टची चौकशी चालू आहे." वासिफ, ही भीती तुला माझ्याकडून आली आहे. घर घे, वाडी घे, ही घेऊ नकोस.

१०. सन २०१५ मध्ये जे लिहून द्यायचे होते, ते आज देतो : अमिरुन्निसा इस्माईल घराडे, जन्म सन १९५७, मौजे खाजणवाडी, ही माझी सख्खी बहीण आहे. मी तिला ओळखतो. ती माझ्या घरी उतरेल. तिच्या राहण्याजेवण्याची जबाबदारी माझी.

साक्षीदार म्हणून मी दोघांना बोलावले आहे. अंबाजी ठाकूर पेणहून सकाळच्या गाडीने येत आहेत. दुसरी रतन. तिला अक्षर येत नाही, म्हणून अंगठा घेण्याआधी हे सर्व मी तिला मोठ्याने वाचून दाखवणार आहे. मला तोंडाने सांगायला जमले नाही, वाचायला जमते का बघू.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी.

वाचून दाखवले. कलम सातला मी अडलो, तेव्हा अंबाजींनी कागद घेऊन पुढचे वाचले. रतन मासळीची पाटी मांडीशी घेऊन ओट्यावर बसली होती. रडली नाही. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर तिने विचारले, "नमाज कवा म्हनलास? तू मेल्यावर?"

मी म्हटले, हो.

"म्हंजी लोकं तोंडाकडं बघतील तवा तू कफनात. आजून लपतंस, जैनूभाय?" ती उठली. "उद्या शुक्रवार हाय. उद्या सांग. मी मशिदीच्या भाईर उभी रातंय. तू नाय बोललास तं मी बोलन."

मग अंबाजींकडे वळून म्हणाली, "आना तो शाईचा डबा. अंगठा देतंय. पन याला नाय, अमूला देतंय."

सबब कलम नऊ मी माझ्या हाताने रद्द करीत आहे. उद्या जुम्म्यानंतर मी स्वतः उभा राहून नाव पुकारीन. उद्याच्या आत मेलो, तरच ते कलम लागू समजावे. बाकी सर्व कलमे कायम. वासिफला आत्ताच फोन करून कळवले आहे. तो म्हणाला, किती वाजता पोचू.

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, खालील दोघांच्या समक्ष सही करून पुरे केले.

ठिकाण : खाजणवाडी, तालुका म्हसळा
दिनांक : १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

(सही) जैनुद्दीन इस्माईल घराडे,
अमिरुन्निसाचा भाऊ

साक्षीदार :

१. (सही) अंबाजी सखाराम ठाकूर, निवृत्त पोलीस हवालदार, राहणार पेण. सहीसाठी पेन माझे दिले.

२. रतन गोविंद चोगले, मासळी विक्री, राहणार कोळीवाडा, खाजणवाडी, हिचा डाव्या हाताचा अंगठा. नाते : मयत अमिरुन्निसाची मैत्रीण.